हिरवी तार न कापण्याच्या अटीवर

मी, गोरख सखाराम ओव्हाळ, वय सहासष्ट, धंदा इस्त्री, गीझर व पाणी तापवायचे रॉड दुरुस्त करणे, राहणार सोमाटणे, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

१) राहतं घर मुलगा आकाश याला. पत्रा गळतो हे त्याला सहा वर्षं सांगतोय. आता घर त्याचं, पत्राही त्याचा.

२) गिऱ्हाईक सोपान याने मी दुरुस्त केलेली इस्त्री चुलीजवळ ठेवून वायर जाळली आणि गावभर माझं नाव खराब केलं. ती जळकी वायर मी जपून ठेवली आहे. माझ्यामागे त्याला मानाने द्यावी.

३) दुकान व सगळी हत्यारं सून पायल हिला. ती आयटीआय शिकली आहे. आकाश बल्ब बदलतानाही चप्पल शोधतो. अट एकच. ज्याच्या घरी अर्थिंग नाही, त्याच्या रॉडची हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार कापून दोन पिनांचा टॉप, म्हणजे प्लग, लावून देऊ नये. गिऱ्हाईक म्हणेल, "माज्या जबाबदारीवर द्या." तरी देऊ नये. तार आपल्या हाताने कापली की जबाबदारी आपलीच.

४) अशी अट का, हे कळल्याशिवाय पायल दुकानाची किल्ली घेईना. म्हणून लिहितो. सतरा वर्षांपूर्वी शेजारच्या शालूबाई मावशींच्या रॉडची हिरवी तार मी कापली. त्यांच्या न्हाणीत दोन पिनांचाच बोर्ड होता आणि मला दिवाळीची घाई होती. मावशींना शॉक बसला, त्या पडल्या, उजवं मनगट मोडलं. ते आजही वाकडं आहे. पाय घसरला, असं त्या सगळ्यांना सांगत राहिल्या आणि मी ऐकून घेत राहिलो. चूक माझी होती. मला तिची फार लाज वाटते.

५) साक्षीला मावशीच हव्या होत्या, म्हणून पायलने त्यांना वरचं सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं, गोरख. तुज्या पोराची शाळा त्या दुकानावर चालती, म्हनून गप ऱ्हायले. पर सही न्हाई करायची. बोर्ड अजून त्योच हाय, आन् आता तितं माजी नात आंगूळ करती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, अर्थिंग घेऊन तीन पिनांचा बोर्ड बसवला. पायलने तपासून माझा एक ढिला स्क्रू शोधून काढला. किल्ली मी तिला तिथेच दिली.

सही: गो. स. ओव्हाळ

साक्षीदार:
१) अमृत बाबुराव काकडे, किराणा दुकानदार
२) शालूबाई महिपती मुऱ्हे (सही डाव्या हाताची)

स्थळ: मावशींच्या न्हाणीचा उंबरा, सोमाटणे
दि. १९ जानेवारी २०२५

मावशींच्या सांगण्यावरून शेरा: "नातीची आंगूळ झाल्याव सही केली."