बाबांची जाड तार

लालबाग, ३ नोव्हेंबर

ती. वसंतकाकांस, आकांक्षाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. मी वेल्डिंग मशीन घेतलं! पूर्वीताई बाळंतपणाला इथेच आलीय. पाळण्याचा लोखंडी स्टँड मीच करणार. आयटीआयत काय उगाच शिकले?

फ्रिजच्या प्लगला मशीन लावलं, तर ठिणगी पडायच्या आत फ्यूज गेला. बाबा म्हणाले, त्यात काय! नेहमीसारखी जाड तांब्याची तार घातली, आता मशीन झकास चालतं. मजल्यावर कुणाचाही फ्यूज गेला की हाक बाबांनाच, हे तुम्ही जाणताच. रविवारी दिवसभर कामाला बसणार.

काकीला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवा.

आकांक्षा

देवगड, ८ नोव्हेंबर

चि. आकांक्षा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा सांडला. तसाच वाण्याकडे धावलो, त्याच्या फोनवरून दादाला ओरडून सांगितलं, मशीन लावू नको, मेन बंद कर. तो काय म्हणाला देव जाणे. ऐकू येत नाही त्याचा एवढा तरी फायदा!

अगो बाय, फ्यूज जळण्यासाठीच असतो. वायरला झेपेना की आधी त्याने जायचं. दादाने त्यालाच जाऊ दिलं नाही, म्हणजे आता भिंतीतली वायर तापणार, आणि ती तुझ्या आजोबांच्या वेळची. मशीनच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत ते लायसनवाल्या वायरमनला दाखव. लोड मंजूर करून घे. मीटरपासून वेगळी जाड लाइन, तिला स्वतःचा एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. घरातल्या प्लगला मशीन लावायचं नाही म्हणजे नाही.

दादा फुगेल. फुगू दे. मिलमध्ये तो साच्यावर कापड विणायचा, वायरिंग खात्यात मी. जन्मभर त्याचं ऐकलं, एवढं एक त्याने माझं ऐकावं. बाळ त्याच खोलीत झोपणार आहे गो.

ऐकलं नाहीस तर यंदा आंबे विसर. माया आहे म्हणून ओरडतो.

वसंतकाका

लालबाग, १४ डिसेंबर

ती. काकांस, सा. न.

मुलगी झाली! नाक तुमचं, आवाजही तुमचाच.

तुमच्या फोननंतर बाबांनी मेन बंद केला खरा, पण फुगून बसले. वसंता म्हणजे अजून मिलचा भोंगाच आहे, म्हणाले. मग वायरमन आला. त्याने कपाट सरकवून बोर्ड उघडला, तर वायरचं आवरण करपून हातात आलं. कपाटाची पाठही काळी पडली होती. पाळणा तिथेच ठेवायचा होता.

बाबांनी पकड घेतली, आपली तार उपसली आणि मजल्यावर दारोदार फिरले. जिथे जिथे स्वतः जाड तार घातली होती ती काढून योग्य जाडीची घातली, आणि प्रत्येकाला सांगितलं की चूक माझी होती. कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. मला रडूच आलं काका.

घरचं वायरिंग नवं झालं. फ्यूज तेवढा बाबांनी हट्टाने ठेवून घेतला, बारीक तारेचा. मशीनची लाइन तुम्ही सांगितली तशी खाली मीटरपाशी घेतली. स्टँड तिथेच केला, वाळूची बादली शेजारी ठेवून. जराही डुगडुगत नाही.

काल बारसं झालं. नाव मनवा. ऐन वेळी कुणी इस्त्री लावली, कुणी मिक्सर, कुणी पाणी तापवायची शेगडी, आणि घरात अंधार गुडुप. सगळ्या बायका ओरडल्या. बाबा तेवढे टाळ्या पिटत हसत सुटले. वसंताला आधी कळव म्हणाले.

म्हणून कळवते. काका, आपला फ्यूज गेला!

आंबे येऊ द्यात, माया तर आहेच.

तुमची आकांक्षा