फुकटचं बेंगळूर आणि तुमचं नाव

मारतहळ्ळी, बेंगळूर
सोमवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अजितभाऊजींच्या पायाशी श्रीहरीचा नमस्कार पोचावा. साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा वाकत नाही आणि खोटं बोलण्याचा माझा या महिन्याचा साठा संपलेला आहे (कसा, ते पुढे येईलच). तुमचा दमा कसा आहे? आक्काच्या पायाची सूज उतरली का? इस्लामपुरात पाणी एक दिवसाआडच येतं की आता दोन? इकडे आमच्या प्रकृतीला काही झालेलं नाही, अब्रूचं तेवढं सांगता येत नाही. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. मैत्रेयी घरूनच काम करते आणि तिचे कान माझ्यावर गेले आहेत. खाली रस्त्यात उभं राहून बोलावं, तर या मारतहळ्ळीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून कागद. कुरियरवाला खालच्या गाळ्यातच आहे, परवा तुम्हाला मिळावं.

मी इकडे कशाला आलो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मैत्रेयीने स्वतःच मुलगा पाहिला, प्रणीत नाव, तिच्याच ऑफिसातला, इथल्या जुन्या मराठी घरातला. मला तो फोटोत बरा वाटला. पण पोरगी एकतिसाची झाली आणि आधीची तीन स्थळं माझ्यामुळे गेली, असं घरात बोललं जातं. माझं म्हणणं एवढंच, की मी ती घालवली नाहीत, फक्त वाजवून पाहिली. चाळीस वर्षं मिरजेत भांडी विकली. पेल्याला टिचकी मारली की पत्रा किती जाड आहे ते मला डोळे मिटून कळतं. कोल्हापूरच्या मंडळींनी सरबत दिलं तेव्हा हात आपोआप गेला, आणि चांदीचा म्हणून पुढे केलेला पेला पितळी बोलला. मी ते मोठ्याने सांगायला नको होतं, हे कबूल. तर या वेळी मैत्रेयीने गाडीतून उतरतानाच बजावलं: "बाबा, हे शेवटचं. इथे काही वाजवलंत, तर मी लग्नाचा विषय पुन्हा काढणार नाही आणि तुम्हीही काढायचा नाही." ती ओरडली असती, तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती हळू बोलली. भाऊजी, हळू आवाज मला लांबून ऐकू येतो.

मुलाकडच्यांची भेट या येत्या रविवारी ठरली होती. मग मला तेरा दिवस आधी, गेल्या सोमवारीच का बोलावलं? इथूनच मला वास यायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हातात छापील कागद दिला: बेंगळुरात फुकट बघण्यासारखी अकरा ठिकाणं. तळी, देवळं, बागा, बाजार. मी त्या कागदाकडे बघत बसलो. ज्याने दिवाळीत 'कुकरवर झारा मोफत' असा फलक लावून उभी मिरज दुकानात आणली, त्याच्यापुढे 'मोफत' हा शब्द ठेवणं म्हणजे आचाऱ्याला फोडणीचं कौतुक सांगणं. झाऱ्याची किंमत कुकरात असते. मग तळ्याची कशात आहे? अकराच ठिकाणं का? कागद छापण्याचा खर्च कोणी केला? मैत्रेयी म्हणाली, ऑफिसच्या प्रिंटरवर काढला, तोही फुकटच. मी विषय वाढवला नाही. पण कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला, म्हणजे पुढे पुरावा म्हणून लागला तर हाताशी राहील.

पहिलं ठिकाण घराजवळचं तळं. छान तळं हो, कडेने चालायला फरसबंदी, बगळे, आणि एवढ्या मोठ्या पाण्याला एकही तिकीटखिडकी नाही. दोन फेऱ्या मारून मी खिडकी शोधली. ती सापडली नाही, पण एका मंडपात रक्तदाब फुकट तपासून मिळत होता. पट्टा दंडाला बांधल्यावर (म्हणजे हात अडकल्यावर, हे लक्षात घ्या) त्या मुलीने गोड आवाजात नाव, गाव, फोन, धंदा विचारला. सगळं खरं सांगून बसलो. रक्तदाब उत्तम निघाला आणि घरी पोचेपर्यंत वाढला, कारण विमानतळाकडच्या प्लॉटचे पाच फोन आले. पाचही जण मला 'श्रीहरी सर' म्हणत होते. त्याच दिवशी ठरवलं, की या शहरात जे जे फुकट आहे त्याला खरं नाव सांगायचं नाही. आता माणसाला ऐन वेळी खोटं नाव सुचत नाही, आणि सुचलं तरी पुढल्या चौकात आठवत नाही. म्हणून जे नाव मी झोपेतही चुकणार नाही ते घेतलं. भाऊजी, रागावू नका. तुमचं घेतलं. अजितराव, निवृत्त हेडमास्तर, मुक्काम इस्लामपूर. फोन नंबरही तुमचाच, कारण माझ्या डोक्यात दोनच नंबर आहेत आणि दुसरा दुकानाचा. (बुधवारपासून प्लॉटवाले तुम्हाला छळत असतील तर त्याचं मूळ हे असं आहे. त्यातल्या एकाचा प्लॉट चांगला आहे म्हणे, तलाव-दर्शनी.)

बुधवारी बसवनगुडीचा मोठा नंदी पाहिला. एका दगडातला एवढा बैल, आणि दर्शन फुकट. चपला मात्र हातात धरून बघितला, त्यामुळे नमस्कार एका हाताने झाला. गुरुवारी चिकपेट. तो बाजार कागदावर 'नुसतं बघायला फुकट' असा लिहिला होता, जणू बाजार बघायला एरवी तिकीट असतं. मागच्या गल्लीत भांडीवाले निघाले आणि मी तिथे तीन तास घरच्यासारखा वावरलो. एका दुकानदाराने माझी टिचकी ऐकून विचारलं, अण्णा, कुठलं दुकान? धंद्यातला माणूस धंद्यातल्याला ओळखतोच. मी म्हटलं, हेडमास्तर आहे. त्याचा विश्वास बसला नाही, आणि मला बरं वाटलं. शुक्रवारी पाय सुजले म्हणून घरीच.

शनिवारी कब्बन पार्क. कागदावर सातव्या क्रमांकाला होतं: मराठी पाहुण्यांसाठी झाडांची ओळख, सकाळी आठ, विनामूल्य. मैत्रेयीने रिक्षात बसवून दिलं आणि दोनदा सांगितलं, की बाबा, हसून बोला. झाडांशी हसून कशाला बोलायचं? दारात कानटोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते, त्रिविक्रमराव नावाचे. आडनाव विचारलं तर म्हणाले राव. पूर्वज शहाजीराजांबरोबर आले, आडनाव कुठल्या तरी पिढीत कचेरीच्या दप्तरात राहिलं, राव तेवढं उरलं. आडनाव नाही, पाहुणे बाकी कोणी नाहीत, आणि झाडं दाखवायचे पैसे नाहीत. तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं?

पण माणूस गोड. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं: जुनं, स्वच्छ, आणि मध्येच कानडी. "स्वल्प सावकाश चला अण्णा, झाडं काय पळून जात नाहीत." बांबूच्या बेटापाशी थांबलो, हायकोर्टाच्या लाल इमारतीपाशी थांबलो, एका पर्जन्यवृक्षाखाली त्यांनी डब्यातून घरच्या चकल्या काढल्या. मी तीन खाल्ल्या आणि तीनही वेळा मनात म्हटलं, आता फॉर्म काढेल. फॉर्म काही निघत नव्हता. गुळाचा भाव, गुडघ्याचं तेल, पोरं आईबापांना काय काय सांगत नाहीत, सगळं बोलून झालं. खरं सांगतो, दहा वर्षांत कोणाशी इतकं जमलं नव्हतं. ते म्हणाले, अजितराव, तुमच्यासारखा सोयरा मिळायला भाग्य लागतं, मुलगी आहे का तुम्हाला? मी (तुमच्या वतीने) म्हटलं, नाही, दोन मुलगे, दोघंही उजवलेले. ते खरोखर हिरमुसले.

मग बाकावर बसल्यावर त्यांनी आवाज उतरवून विचारलं: "तुम्ही त्याच बाजूचे म्हणून विचारतो. मिरजेत श्रीहरी म्हणून एक भांडीवाले आहेत. ओळखता का हो? माणूस कसा आहे?"

बेंगळुरात, बागेत, आडनाव नसलेला माणूस माझं नाव घेतो. मला एका क्षणात उलगडा झाला (चुकीचा, पण झाला): हा प्लॉटवाल्यांचा मोठा माणूस. मंगळवारी रक्तदाबातून नाव गेलं, आज गिऱ्हाइकाची पत बघताहेत. आता मी चांगलं सांगितलं असतं तर हे लोक मिरजेला दुकानापर्यंत आले असते. म्हणून मी असं सांगितलं, की कोणी माझ्या वाटेला जाऊ नये. म्हटलं, ओळखतो म्हणजे काय, चांगलाच ओळखतो. एक नंबरचा संशयी. हाताला चिकट, पाहुण्याला चहा देताना कप आधी आतून पुसतो की बाहेरून यावर दोन मिनिटं घालवतो. आणि हेकट असा, की समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करतो आणि मग त्याच्याशी भांडतो. त्रिविक्रमरावांचा चेहरा पडत गेला. मला वाटलं, सौदा मोडल्याचं दुःख. शेवटी त्यांनी विचारलं, आणि मुलीशी कसे वागतात? भाऊजी, इथे मला हेडमास्तर राहता आलं नाही. मी म्हटलं, "तिच्यासाठी तो दुकान विकेल. तिला मात्र ते माहीत नाही." एवढं बोलून मी उठलो आणि शिंक आल्यासारखं केलं. (निघताना त्यांनी फोन नंबर मागितला, तोही तुमचाच दिला.)

घरी आल्यावर मैत्रेयीने दारातच विचारलं, कसे वाटले प्रणीतचे बाबा?

मी चपला काढत होतो. दुसरी चप्पल काढायला मला बराच वेळ लागला. या पोरांनी, मला कागद देऊन आणि त्यांना 'एका पाहुण्याला झाडं दाखवा' म्हणून, दोन्ही बापांना खरं न सांगता बागेत सोडलं होतं, की पेले नाहीत, पोहे नाहीत, माणसं म्हणून भेटतील, मन जुळलं की रविवारी सांगू. बेत चांगला होता. मनही जुळलं. फक्त ते त्रिविक्रमरावांचं आणि तुमचं जुळलं. आणि स्थळाची चौकशी त्रयस्थाकडे करावी, या आपल्या रीतीप्रमाणे बिचाऱ्यांनी ती केली, ती नेमकी माझ्याकडे. संध्याकाळी प्रणीतचा फोन आला: बाबा म्हणताहेत, इतक्या सज्जन हेडमास्तरांनी असं सांगितलं तर त्या घरात पडायला नको. प्रणीत खरं सांगायला तयार होता, पण मैत्रेयीनेच थांबवलं. खरं सांगितलं तर मी खोटारडा, नाही सांगितलं तर हेकट. तिला कोणता बाप परवडेल, याचा ती परवापासून विचार करते आहे. जेवली, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मी आतल्या खोलीत आणि ती बाहेरच्या, मधल्या भिंतीतून तिचा कीबोर्ड ऐकू येतो. एरवी तो पावसासारखा चालतो. आज थांबून थांबून चालतो.

असो. इकडचं हवामान चांगलं आहे. आक्काला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. कळवण्यासारखं फारसं काही नाही.

आपला,
श्रीहरी

ता. क. एक बारीकसं काम आहे. प्रणीतच्या आई, क्षमाबाई, म्हणाल्या की एकाच्याच शब्दावर स्थळ सोडू नये, हेडमास्तरांना फोन करून पुन्हा नीट विचारा. म्हणजे तुम्हाला. गुरुवारी करणार आहेत. तर तुम्ही घसा बसलाय असं सांगून खालच्या आवाजात बोलावं आणि कब्बन पार्कात माझ्याबद्दल जे बोललात ते मागे घ्यावं. कारण असं द्या, की त्या दिवशी चकलीने पित्त झालं होतं. संशयीच्या जागी 'सावध', चिकटच्या जागी 'काटकसरी'. हेकटला काही सुचत असेल तर तुम्ही बघा, तुम्ही मराठी शिकवायचात. झाडांचं विचारलं तर बांबू म्हणा. भाऊजी, चाळीस वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही. माझी इज्जत गेली तर जाऊ दे, पोरीचं घर जाऊ नये.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात मैत्रेयी आत आली. वरचं काम रद्द समजावं. त्रिविक्रमरावांना गुरुवारपर्यंत धीर निघाला नाही. त्यांनी आज सकाळीच तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सांगितलंत, की तुम्ही सहा महिन्यांत इस्लामपूर सोडलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, श्रीहरी माणूस कसा. तुम्ही म्हणालात: संशयी, चिकट, हेकट. याच क्रमाने. आणि शेवटी मुलीबद्दलही तेच, दुकानासकट. मैत्रेयी सांगत होती, फोन ठेवल्यावर बागेतला हेडमास्तर कोण ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. क्षमाबाईंना म्हणाले, नात्यातल्या चौदा स्थळांच्या चौकशा केल्या, पण स्वतःबद्दल इतकं खरं सांगणारा मुलीचा बाप पहिलाच. रविवारी येताहेत. हे सांगताना मैत्रेयी माझ्या खांद्याला धरून उभी होती.

शेवटचा ता. क. तुम्हा दोघांना आणि मिरजेत दुकान सांभाळत बसलेल्या आमच्या सौ. सुचेताला रविवारसाठी तिकिटं काढून पाठवू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, तिघांची एक महिन्यापूर्वीच काढली आहेत. महिन्यापूर्वी तर मला मुलाचं नावही माहीत नव्हतं. आपण अवश्य यावं. पाहुणे गेल्यावर दार लावून घेतो आणि मग तुम्हा सगळ्यांना एकेक करून विचारतो, कोणाला काय आणि केव्हापासून ठाऊक होतं.