मागच्या चाकांवरचा भार

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. तुमचे गुडघे, जाऊबाईंचं पथ्य आणि मला न विचारता माझ्याबद्दल ठरवण्याचा तुम्हा दोघांचा उत्साह, सगळं ठणठणीत असावं. माझी तब्येत उत्तम आहे. (ही ओळ जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. मागच्या फोनवर त्या माझ्याशी हळू, सुट्या सुट्या शब्दांत बोलत होत्या, आजाऱ्याशी बोलतात तसं.)

ह्यांच्या माघारी राहिलेली पिकअप विकायला तुम्ही गिऱ्हाईक गाठलंत आणि ते रविवारी येतंय, असं तुमच्या पत्रावरून कळलं. कारण काय, तर पावसात पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं आणि मी जिकडून आले तिकडेच तोंड करून उभी राहिले. खरं आहे. सिस्टरांच्या शाळेत मला खोटं बोलायला शिकवलं नाही. (गाडी चालवायलाही नाही. ते तुमच्या भावाने शिकवलं, आणि त्यांच्या ओरडण्याला मी पुरून उरले.) पण या चढावर बस येत नाही, भाऊजी. गाडी गेली की वाचनालय गेलं, बाजार गेला, दवाखाना गेला, आणि तुमच्या भावाने कबरींसाठी कोरलेले जे दगड अंगणात उरलेत, त्यांच्या रांगेत मीही पडून राहणार. म्हणून रडत न बसता मी गॅरेजवाल्याकडे गेले.

त्याने टायर पाहिले आणि माझ्याकडे दयेने बघितलं. म्हणाला, "बाई, इंजिनाचं वजन पुढे, हौदा रिकामा, आणि ढकलायचं काम मागच्या चाकांचं. त्यांच्यावर भारच नाही, तर ती ओला रस्ता धरणार कशी?" मागे नवे टायर टाकले, हवा नेमकी ठेवली, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये उठायचं आणि क्लच अलगद सोडायचा हे शिकले. (या वयात. तुम्हाला अजून मोबाईलचा आवाज बंद करता येत नाही.) शिवाय त्याने बजावलं की मागच्या ॲक्सलवर शेसव्वाशे किलो वजन पक्कं बांधायचं. आधी वाळूची पोती टाकली, ती भिजली आणि फाटली. मग अंगणात तयार माल असताना वाळू कशाला, असा मी विचार केला.

खालच्या पेठेतल्या शिवणवाल्या बाईंनी स्वतःसाठी एक दगड आगाऊ कोरून घेतला होता. नाव आहे, जन्मतारीख आहे, पुढची जागा कोरी. बाई अजून हयात असल्याने दगड आमच्याकडेच राहिलेला. तो मी चेनपुलीने हौद्यात उतरवला, पाचरी मारल्या, दोरखंड आवळला. दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस होता, आणि गाडी त्या वळणावरून अशी गेली की जणू मागून कुणी रस्ता धरून ठेवला होता.

तेव्हापासून लोक माझ्याशी वाईट वागू लागले. वाचनालयातल्या बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "स्वतः काचेआड बसता आणि त्या म्हातारीला मागे भिजवता, शोभतं का तुम्हाला?" चौकातल्या पोलिसाने शिट्टी मारून थांबवलं. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नाहीत, म्हणाला. कुठली माणसं, असं मी विचारलं, तर तो हौद्याकडे वळला, त्याला दगडाशिवाय काही दिसेना, तेव्हा मला नुसतं जा म्हणाला. एकूण भार तपासायला वजनकाट्यावर गेले, तिथे तर कहर झाला. खिडकीतला माणूस म्हणतो, "आधी त्या बाईंना उतरवा, मग वजन घेतो." मी म्हटलं, असं आहे तसं घ्या. गाडी, मी आणि दगड यांची बेरीज करून वर बावन्न किलो भरले. मी वाद घातला नाही. काटा चुकतो, असं स्वतःला बजावून घरी आले आणि दाराला दोन्ही कड्या लावल्या.

शेवटी शिवणवाल्या बाईंकडे गेले. गुडघा मोडल्याने तीन आठवडे त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. मशीनवर बसलेल्या, आणि साडीच्या काठातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आलात ते बरं झालं. टाकीच्या वळणावर जरा हळू घेत जा हो. कंबर धरते माझी." मालाने गाडीवाल्याला नावं ठेवायची, हे मी प्रथमच ऐकलं. पण त्यांना हुडहुडी भरली होती, नखं निळी पडली होती. त्यांनी माझा हात धरून दगड मागितला. कोरड्या जागी ठेवा म्हणाल्या. मी तो त्यांच्याच पडवीत, पोत्यांवर उतरवून दिला.

परत येताना हौदा रिकामा. टाकीपाशी मागचं अंग सुटलं आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. पुन्हा वाळूच टाका, असं तुम्ही म्हणाल. पण वाळू मेलेली असते, भाऊजी. वळणावर जिकडे ढकलाल तिकडे जाते. जिवंत माणूस स्वतःला सावरून धरतो. तो फरक मी आता स्टिअरिंगवर ओळखते.

जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. तुमच्या साठीला तुमच्या भावाने हौसेने तुमच्याही नावाचा दगड कोरला होता. अपशकुन म्हणून तुम्ही त्याकडे पाहिलंही नाहीत. काळा आहे, सव्वाशे किलो. तो हौद्यात ठेवायला तुमची परवानगी हवी. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. क. दोन. पत्र टाकायचं राहिलं आणि पाऊस थांबेना, म्हणून काल दुपारी मी तो चढवलाच. गाडी तसूभरही सरकली नाही. तुमच्याकडे काल कडक ऊन होतं, असं जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. भर उन्हात खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही चिंब कसे झालात, हेही त्या मलाच विचारत होत्या. गिऱ्हाइकाला रविवारी खुशाल पाठवा. त्याला मी वळणावरून फिरवून आणीन. तुम्ही मात्र हौद्याचा फाळका दोन्ही हातांनी धरून बसा. काल टाकीपाशी तुम्ही एक हात सोडला होतात.