डायलिसिस केंद्राला दहापैकी किती?

देवळाली प्रवरा,
मंगळवार

सौ. वन्संना सरोजिनीचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा आहे? अनीशला नव्या नोकरीत वेळेवर जेवायला मिळतं का? पत्र बघून दचकू नका. फोनवर बोलायचं तर तुमचे दादा शेजारीच बसलेले असतात, आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत त्यांचा हात पुढे येतो. (फोन तुमचा असला की. माझ्या माहेरचा असला की त्यांना अंघोळ आठवते.)

तुम्ही म्हणाला होतात, वहिनी, श्रीरामपूरचं ते डायलिसिस केंद्र डोळे उघडे ठेवून बघा, दहापैकी गुण द्या, कमी पडत असेल तर दादाला पुण्याला आमच्याकडे आणू. तर बघितलं. मला ते केंद्र मुळीच आवडलेलं नाही.

पहिलं कारण तिथली सुरेखा सिस्टर. बाई वाईट आहे असं नाही, तोच तर त्रास आहे. मशीनला जोडायच्या आधी तिथे प्रत्येकाचं वजन करतात. किडनी चालत नसली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं, त्यामुळे तो वजनकाटा सगळ्या चहाड्या सांगतो. मी घरी यांना पाणी मापाने देते, माठावर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवते. तरी परवा काटा भलताच वर गेला. मला तुळशीची शपथ घेऊन सांगितलं होतं की एक घोटही जास्त प्यालो नाही. सुरेखाने नुसतं 'काका?' एवढंच विचारलं आणि हे लगेच कबूल झाले, की तुळशीला पाणी घालताना अर्धा तांब्या स्वतः पितात. (शपथही त्याच तुळशीची होती, हे लक्षात घ्या.) ती रागावली नाही. तहान लागली की बर्फाचा छोटा खडा चघळा म्हणाली, आणि हे आता निमूटपणे चघळतात. मी वर्षभर घसा फोडून जे झालं नाही ते तिच्या एका शब्दाने झालं. जळणार नाही तर काय करणार?

दुसरं कारण पेरू. यांना पोटॅशियम बाधतं म्हणून मी बटाटा चिरते, भिजवते, उकडते आणि पाणी ओतून देते. हे ताटाकडे बघून म्हणतात, 'आज पुठ्ठ्याची भाजी का?' आणि परवा केंद्राच्या दाराच्या काचेतून बघते, तर स्वारी पडल्या पडल्या पेरूची फोड खातेय. नातेवाइकांना आत सोडत नाहीत, पण पेरू बघितल्यावर मी कसली थांबते. दारातल्या मावशींनी मला अडवून डोक्याला टोपी घातली, पायांत पिशव्या चढवल्या, हात दोनदा धुवायला लावले, आणि तेवढ्यात फोड संपली. सुरेखा म्हणाली, डॉक्टरांना विचारूनच दिली आहे, मशीनवर पहिल्या तासात एखादी फोड चालते. म्हणजे पेरू तिने द्यायचा आणि पुठ्ठा मी.

पेरू आणले होते शेजारच्या बेडवरच्या कारभारींनी. शेतकरी माणूस, राहुरीकडचे, स्वतःची बाग आहे. मला बघून म्हणाले, "काकू, भाऊसायेब लई हसवत्यात आमाला. चार तास कसं जात्यात कळत बी न्हाई. घरी तर तुमची चंगळच आसंल." वन्सं, तुमचे दादा तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून घरी दिवसाला तीन वाक्यं बोलतात, त्यातलं एक 'पंखा बंद कर' हे असतं. मी कारभारींना 'हो, चंगळच आहे' म्हणाले. मला फार लागलं ते.

मग मी इरेला पेटून धूळ शोधायला लागले. मशीनच्या मागे, खिडकीत, खाटेखाली बोट फिरवलं, पण बोट स्वच्छच राहिलं. तेवढ्यात माझ्या कोपराखाली यांची नळी दबली आणि मशीन असं केकाटलं की मला घाम फुटला. सुरेखा पार पलीकडच्या टोकाहून धावत आली. गोठ्यात कालवड बाजूला सारावी तसं तिने मला बाजूला सारलं, नळी मोकळी केली, यांचं ब्लडप्रेशर बघितलं आणि मग मला बसवून पाणी दिलं. रागावली असती तर तुम्हाला लिहायला निदान एक खोट तरी मिळाली असती.

तेव्हा माझ्याकडून केंद्राला दहापैकी चार. अनीशला आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुमची वहिनी,
सरोजिनी

ता. क. चार गुण जळून दिलेत. खरे नऊ, एक पेरूचा कापला. यांना पुण्याला हलवू नका. तिथे सगळं चकचकीत असेल, पण कारभारी नसतील, आणि हे पुन्हा तीन वाक्यांवर येतील.

आणखी एक ता. क. खरं लिहायचं होतं ते हे. मी यांना न सांगता माझी किडनी देण्यासाठी तपासण्या करून घेतल्या. साखर निघाली. (साखर कारखान्यांच्या मुलखात दुसरं काय निघणार?) डॉक्टर नको म्हणाले. त्या दिवशी मी केंद्राबाहेरच्या बाकावर बसून रडत होते, तेव्हा शेजारी येऊन बसली ती सुरेखाच. तिच्याकडून कळलं की तुमचा आणि यांचा रक्तगट एकच आहे. एवढ्या संसारात हे मला कधी बोलले नाहीत, तिला सांगितलं, आणि 'पण बहिणीला मी विचारणार नाही' असंही सांगितलं. म्हणून मी विचारते. तुम्ही तपासून घ्याल का? हे पत्र लिहिल्याचं यांना माहीत नाही. सुरेखाला माहीत आहे.

नाही म्हणालात तरी राग धरणार नाही, अगदी शपथेवर सांगते. (तुळशीच्या नाही.) आणि दिलीत, तर पुढे जन्मभर या घरात 'माझ्या बहिणीची किडनी, माझ्या बहिणीची किडनी' एवढंच ऐकायला मिळेल, आणि मी दर वेळी जळेन, हे आत्ताच सांगून ठेवते. पण ऐकवायला हे असले पाहिजेत, वन्सं.