पाटी निघाली की येतो

शिनचू,
२८ सप्टेंबर

प्रिय वेनशिंग,

जेवलास का? फोनवर तू हेच विचारतोस, मी "हो" म्हणते, आणि पुढचा सगळा वेळ पाटीच्या तारखेत जातो. म्हणून आज कागद घेतला. तू मात्सू बेटावर सैन्यात होतास तेव्हा मी दर आठवड्याला लिहायचे. त्यानंतर सामानाच्या याद्या सोडल्या तर काही लिहिलंच नाही. अक्षर बिघडलंय, हसू नकोस.

इकडे सगळं ठीक. पौर्णिमेचा सण झाला. गल्लीत नेहमीप्रमाणे दारोदारी शेगड्या पेटल्या आणि मांस भाजण्याच्या धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले. आपली पेइयु काओशुंगहून दोन दिवस आली होती. एवढी इंजिनियर व्हायला निघालेली मुलगी, पण पपनसाची साल डोक्यावर टोपीसारखी घालून बसली होती. तो फोटो तिने तुला पाठवला ना? त्यात माझ्या शेजारी रिकामं स्टूल दिसतंय, ते काओ सरांचं. ते सॉस आणायला उठले होते. तू उगाच मनाला लावून घेशील म्हणून सांगितलं.

काओ सर म्हणजे तेच, पेइयुला गणित शिकवायचे ते. आता निवृत्त झालेत आणि रोज सकाळी माझ्या दुकानात पहिल्या टेबलावर ठाण मांडतात. एक अंड्याची पोळी, एक पेला सोयाबीनचं दूध, आणि मग तासभर तुमच्या टॅब्लेटची कुंडली. त्यांना मोठ्या पडद्याचा टॅब्लेट घ्यायचाय, डोळे अधू झालेत. पण दोन वर्षं झाली, घेत नाहीत. म्हणतात, "नवा येतोय म्हणताना जुना कोण घेतो?" मी म्हटलं, "सर, लग्नालाही असेच थांबला होता का?" तर म्हणाले, "तिथे घाई केली, म्हणून तर आता शहाणा झालोय."

त्यांचं ऐकून सायन्स पार्कची बस पकडणारी मंडळीही त्यात पडतात. ओळखपत्र खिशात कोंबायचं आणि बोलायला मोकळे. एक म्हणतो, दुकानांत जुन्या पाटीवर सूट लागलीय, म्हणजे महिन्याच्या आत नवी. दुसरा म्हणतो, सूट वसंतातही लागली होती आणि निघाला काय, तर नुसता नवा रंग. तिसरा टॅब्लेटचे पडदे बनवणाऱ्या कंपन्यांचे महिन्याचे आकडे काढून दाखवतो. काओ सर मागच्या सगळ्या पाट्यांमधली अंतरं मांडतात आणि यंदा ऑक्टोबरच, असं ठासून सांगतात. शेवटी सगळे माझ्याकडे वळतात. "मालकीणबाई, घरचं माणूस आत आहे, तुम्ही सांगा की." मी तव्यावरून मान न उचलता सांगते, "आमच्या माणसाने मला लग्नाची मागणीसुद्धा गुपित असल्यासारखी घातली होती. तो पाटीचं काय सांगणार?"

खरंच सांगायचा नाहीस तू. घरात त्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तर आपण तिला पाटी म्हणायला लागलो. नवी पाटी लागली की तू समुद्रापलीकडे चेंगदूच्या कारखान्यात जाणार, ती बाजारात आली की परत येणार, एवढंच मला कळायचं. पेइयुला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे बाबा पाटीबरोबरच जातात-येतात.

हल्ली मात्र उलटंच झालंय. हल्ली तूच विचारतोस, काओ सर काय म्हणतात. मागच्या रविवारी तर पाटीची जाडी बदलणार का, कॅमेरा कुठल्या बाजूला जाईल, असलंही विचारलंस. मी सर म्हणाले ते सांगितलं, आणि तू ते पुन्हा एकदा सांगायला लावलंस.

मशीनवर ठेवायची खाऊची हिरवी पाकिटं मिळाली ना? यंदा तू मागितली नाहीस, मीच पाठवली. आधी तारखा नीट पाहिल्या, एकही शिळं नाही. मागे पेइयुने त्यात दोन पिवळी घातली होती तेव्हा काय रामायण झालं होतं. मशीन अडलं आणि तुमचे डॉक्टरेटवाले साहेब अंगावर पांढरे झगे चढवून, कुठल्या मशीनवर चुकीच्या रंगाचा खाऊ ठेवलाय ते शोधत फिरत होते. हिरवं पाकीट असलं की मशीन शहाण्या मुलासारखं चालतं, यावर तुम्हा शिकलेल्या लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा देवावर नाही. फोनवर तू म्हणालास, "ठेवली मशीनवर, मस्त चाललंय." बरं वाटलं.

तुझ्याबरोबर कामाला असलेल्या आताइची बायको बाजारात भेटली होती. आताइ बरा आहे. एवढंच.

वारा सुरू झालाय. शेवया वाळवणारे खूश आहेत, माझे केस मात्र दिवसभर डोळ्यांत. वेनशिंग, मला तुझी आठवण येते. हे फोनवर म्हणता येत नाही, कारण तू लगेच म्हणतोस, "पाटी निघाली की येतो." आणि मी विचारते, निघणार कधी. ही शेवटची पाटी, मग कायमचा घरी, असं तू म्हणाला होतास. मी धरून चाललेय.

वेळेवर जेवत जा. तिकडच्या तिखटाने तुझं पोट बिघडतं, सोबत्यांच्या आग्रहाला भुलू नकोस.

तुझी,
लीश्या


शिनचू,
२४ ऑक्टोबर

प्रिय वेनशिंग,

पाटी निघाली.

काल सकाळी दुकानात नुसता गोंधळ होता. काओ सरांचा महिना बरोबर आला, त्यामुळे पैज हरलेल्यांनी त्यांच्या पुढ्यात मुळ्याच्या वड्यांच्या बशा रचल्या. सर मात्र गप्प. एरवी त्यांचं तोंड बंद करायला वड्या लागतात, काल वड्या असून बंद होतं. सगळे बसला गेल्यावर म्हणाले, "लीश्या, आता उद्यापासून मी काय बोलू?" आणि दुपारी जाऊन चक्क जुना, सवलतीतला टॅब्लेट घेऊन आले. नव्याला हातही लावला नाही म्हणे.

मी फोटो पाहिले. पाटी पातळ झालीय. कॅमेरा आडव्या बाजूला गेलाय. काओ सर छातीठोकपणे सांगत होते की तो जागचा हलणार नाही. ते मी तुला दोनदा सांगितलं होतं. वेनशिंग, तुम्ही साचे त्याच हिशेबाने कापले का रे? भोक चुकलं का?

लिहून टाकलं. आता मागे फिरता येणार नाही.

मला माहीत आहे. एप्रिलपासून माहीत आहे. पूर्वजांची थडगी झाडायच्या दिवशी मी आणि पेइयु टेकडीवर गेलो, तर आताइ शेजारीच त्याच्या वडिलांच्या थडग्यावरचं गवत कापत होता. तुझ्या बरोबरीचा माणूस, तुझ्याच खोलीत राहणारा, तो इथे कसा? मी हसून म्हटलं, "तुलाच बरी रजा मिळाली. आमच्या माणसाने काय पाप केलंय?" त्याने कोयता खाली ठेवला. आधी पेइयुकडे पाहिलं, तिला पाणी आणायला पिटाळलं. मग म्हणाला, "वहिनी, रजा कसली? पाटीचं काम व्हिएतनामला गेलं. आमच्या अख्ख्या तुकडीला घरी जा म्हणाले. मी आलो. वेनशिंग म्हणाला, मी असा हात हलवत जाणार नाही. कव्हरं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागलाय, साच्यांच्या कामाला. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

"मग सांगितलंस का?" मी विचारलं.

"तुम्ही हसत विचारलंत म्हणून," तो म्हणाला.

त्या दिवशी मी सगळे विधी नीट केले. उदबत्त्या लावल्या, कागदी नोटा जाळल्या, तुझ्या आईवडिलांना सांगितलं की तो कामात आहे. त्यांच्याशीही खोटं बोलले तुझ्यापायी. घरी आल्यावर मात्र फार रडले, आणि मग तुझा खूप राग आला. नोकरी गेली याचा नाही. नोकऱ्या काय, जातात. पण तू मला गल्लीतल्या लोकांत जमा केलंस. त्यांच्यापुढे लाज वाटते हे मी समजू शकते. माझ्यापुढे?

त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी सगळं बोलायचं ठरवलं होतं. तू म्हणालास, "जेवलीस का? पाटी लांबली गं. ऑक्टोबर उजाडेल बहुतेक." तुझा आवाज इतका थकलेला होता की मी म्हटलं, "हो का? काओ सरही ऑक्टोबरच म्हणतात." आणि तू हसलास. किती दिवसांनी हसलास. मग मी दर रविवारी तुझ्यासाठी काओ सरांचं काहीतरी जमवून ठेवायला लागले. कोणी काही नवीन बोललं की तव्यावरची पोळी करपली तरी चालेल, पण ऐकून घ्यायचे. तुझ्या कारखान्याला त्या बातम्या लागतात हे मला कळत होतं. कंपनी काही सांगत नाही, आणि पाटी येईपर्यंत थांबलं तर दुसऱ्यांची कव्हरं आधी दुकानात लागतात. म्हणजे तुम्हीही आता काओ सरांसारखेच, बाहेर बसून अंदाज बांधणारे. एके काळी पाटी तुझ्या हाताखालून जायची, आणि आता तिचा कॅमेरा कुठे आहे ते तू मला विचारत होतास. आणि मी उत्तर द्यायचे.

हिरवी पाकिटं मी मुद्दाम पाठवली होती. वाटलं, आता तरी म्हणशील की ठेवायला मशीन राहिलेलं नाही. तू म्हणालास, मस्त चाललंय. त्यानंतर मी पेइयुला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा खोटं बोलतात आणि तू त्यांना साथ देतेस. तुमच्यात शहाणं कोण?"

आता मला भीती कशाची वाटते ते सांगते. इतके महिने आपल्यात एक तारीख होती. खोटी का होईना, तिच्यासाठी तू फोन करायचास. काल ती संपली. या रविवारी तू मला पुढची देशील. म्हणशील, एक मोठी पाटी येतेय, वसंतात, ती झाली की नक्की. आणि मी ती घेईन, वेनशिंग. मला माहीत आहे मी घेईन, कारण नाही घेतली तर तू फोनच बंद करशील असं वाटतं. मग वसंत येईल, मग पुन्हा शरद. दुकानात नवे लोक बसतील, त्याच गप्पा मारतील, आणि मी तव्यामागे उभी राहून तुझ्यासाठी बातम्या गोळा करत म्हातारी होईन. ते मला नकोय. म्हणून हे पत्र रविवारच्या आत पोचावं यासाठी सकाळपासून कुरिअरवाल्याच्या मागे लागलेय.

साच्यांचं नुकसान झालं असेल तर मालक तुलाच बोलला असेल. बोलू दे. तू ऐकून घे आणि निघ. इथे सोयाबीन दळायचं यंत्र खडखडतंय, दुरुस्त करणारा दर वेळी नवीन काहीतरी काढतो. पण त्यासाठी ये असं मी म्हणणार नाही. तुझा मान राखायला मी एखादं काम शोधून काढू शकले असते, तसं कागद घेऊन बसलेही होते. मग वाटलं, पुन्हा एक खोटं कशाला? यंत्राला माणूस मिळेल. मला तू हवा आहेस. जेवायला समोर हवा आहेस, पेइयुचा फोन आला की पलीकडून कान लावून ऐकायला हवा आहेस.

गल्लीला काय सांगायचं हा प्रश्न मला पडलेला नाही. कोणी विचारलंच तर सांगेन, घरी आलाय. एवढं सांगितलं की लोक दुसऱ्या विषयावर जातात, मी रोज बघते.

रविवारी फोन केलास तर तारीख सांगू नकोस. विमान किती वाजता उतरतं ते सांग. तेही सांगायला जड जात असेल तर काहीच न सांगता ये. पहाटे पीठ भिजवताना दुकानाचं शटर मी अर्धंच वर करते. वाकून आत ये.

आता कुठलीही तारीख न मागणारी,
तुझी
लीश्या