एक बोट पुढे

अण्णा, परवा तुमच्या एका शिष्याचा मला इतका हेवा वाटला की घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई मी, इथे सिंगापुरात दिवसभर बँकेचे हिशेब तपासते, चार लोक मला शहाणी समजतात. आणि आता टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये बसून, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, तुमच्याकडेच तुमची तक्रार करते आहे. दुसऱ्या कुणाला सांगितली तर हसतील.

झालं असं की तुमची नात डिसेंबरात मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर जपानला जाणार आहे, स्कीइंगला. इथे बर्फ फक्त सरबतात मिळतो, म्हणून एका मॉलच्या वरच्या मजल्यावर शिकायची सोय आहे. उतरता गालिचा असतो, तो खालून वर फिरत राहतो आणि पोरं त्याच्यावर जागच्या जागी घसरत राहतात. तुम्ही बघितलं असतंत तर मिशीतल्या मिशीत हसला असतात. ही गोष्ट मंडळाच्या दिवाळी फराळाला कुणापाशी तरी बोलले, तर शेजारी चकली खात बसलेले एक गृहस्थ वळले. निवृत्त फौजी अधिकारी, हल्ली वुडलँड्सला मुलाकडे राहतात. गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि चकली ताटलीत ठेवून म्हणाले, "म्हणजे तुम्ही उस्तादांची मुलगी?"

मला क्षणभर कळेना की हे कुणाबद्दल बोलताहेत. घरात तुम्ही अण्णा, गावात हवालदार. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, पण तसं म्हणणारी माणसं काश्मीरात होती आणि आम्ही साताऱ्याकडे. ते कोवळे लेफ्टनंट असताना तुम्ही त्यांना स्की शिकवून बर्फावर उभं केलंत म्हणे. मग ते बोलतच सुटले. तुम्ही गाणी म्हणायचात. पडलेल्याला उठवण्याआधी त्याची नक्कल करून दाखवायचात. अण्णा, तुम्ही नकला करायचात? सुट्टीवर घरी आलात की ओट्यावर पेपर घेऊन बसायचात, आणि बर्फ कसा असतो असं विचारलं तर म्हणायचात, "असतो गार. अभ्यासाला बस." मी तोंडदेखलं हसत ऐकत होते आणि पोटात दुखत होतं.

शनिवारी ते काका आपणहून मॉलमध्ये आले, उस्तादांच्या नातीला बघायला. तिथला तरुण मास्तर तिच्या स्की लावत होता. बुटाला फळीवर धरून ठेवणारं ते बाइंडिंग, ते आता पट्टीवर बसवलेलं असतं. खटका उचलला की अख्खं पुढे सरकतं, मागे सरकतं, पाहिजे तिथे थांबवायचं. काकांनी ते सरकवून बघितलं आणि हरखले. "आमच्या वेळी हे असलं कुठलं. एकदा स्क्रू मारले की मारले. मला मागे रेलायची खोड. महिनाभर ओरडून झालं, मग एके दिवशी उस्ताद माझी स्कीच उचलून घेऊन गेले. जुनी भोकं बुजवली, नवी पाडली आणि बाइंडिंग एक बोट पुढे बसवून आणलं. म्हणाले, साहेब, आता तुम्हाला मागे रेलायला जागाच ठेवलेली नाही. तिथून मी वळायला लागलो."

ते एक बोट माझ्या डोक्यातून जात नाही. एक माणूस कुठे रेलतो, किती रेलतो, हे कळायला त्याच्याकडे किती वेळ बघत राहावं लागत असेल. आणि माझ्यासाठी तुम्ही दर सुट्टीला पठाणकोटहून बूट आणायचात, ते दर वेळी चुकायचे. वाढत्या मापाचे म्हणून आणायचात, पण पोर किती वाढली याचा तुम्हाला अंदाजच नसायचा. मी दाराशी उभी आहे, तुम्ही ट्रंक उघडता, बूट माझ्यापुढे ठेवता आणि म्हणता, "घाल." मी घालते. टाच आत पाण्यासारखी हलते आहे. आई पुढे कापूस कोंबते. तुम्ही म्हणता, "येतील पुढच्या वर्षी," आणि पेपर उघडता. पुढच्या वर्षी ते झिजून गेलेले असायचे आणि तुम्ही नवे आणायचात, तेही मोठेच. मी त्याबद्दल कधी रडले नाही. रडावं असं काही आहे हेच मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

तुमची नात गालिच्यावर उभी राहिली, नडग्या बुटाला टेकवून, गुडघे सैल. काका म्हणाले, "बघा, थेट उस्ताद." ती माझ्याकडे वळली. "आई, आजोबा टीचर होते? व्हाय यू नेव्हर टेल मी?" काय सांगू, मलाच कुणी सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीचा हेवा करू नये हे मला कळतं. पण केला. तिने तुम्हाला बघितलंसुद्धा नाही आणि तुमची उभं राहायची रीत तिच्याकडे आयती. मला तुमच्याकडून काय आलं, तर हे नाक आणि हा राग.

मग ती इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "आई, यू ट्राय, लाह." मी नको नको म्हणत बूट चढवले. काकांचे गुडघे दुखतात, तरी मास्तरला बाजूला करून ते माझ्या पायाशी बसले. मास्तर हसला, "ओके लाह अंकल, यू डू." काका मला म्हणाले, "उभ्या राहा. सरळ. अंहं, तुम्हीपण मागे रेलता." त्यांनी खटका उचलला, बाइंडिंग पुढे सरकवलं, खटका दाबला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आता?"

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर लिहून टाकते. छान बसलं होतं, अण्णा. तोल बरोबर मध्ये आला होता, हे मला लगेच कळलं. मी म्हटलं, "नाही हो काका, अजून जमलं नाही. परत एकदा बघा ना."