दाराला बांधलेला डहाळा

पेडगाव, मंगळवार, १२ ऑगस्ट १९८६

आज पुन्हा शकूच्या हातून तांब्या पडला. माझी धाकटी बहीण, दहा वर्षांची. हाताला झटके बसतात, पाठ असलेले पाढे विसरायलीय. माय म्हणते, चुलतीनं करणी केली. मला तर मायचाच संशय यायलाय.

परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी गोवर आला होता का? त्याचा विषाणू मेंदूत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो." माय लगेच म्हणाली, "न्हाई जी, कधीच न्हाई." खोटं! शकूला गोवर आला तवा दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला मला पक्का आठवतो. मग लपवती कशाला? अन् माझ्याकडं बघायचं का टाळती?

तो डहाळा... आत्ता आठवलं. तो आधी माझ्या गोवरासाठी बांधला होता. तान्ही शकू तवा माझ्याच कुशीत निजायची.